मशीनमागची सावली

पुढं या, मायबाप. मागं खांबाला टेकलेल्यांनीही या, सतरंजी पुरेल. टाळ-मृदंग जरा बाजूला ठेवा. आज जी गोष्ट सांगणार आहे ती एका आवाजाची आहे, आणि तो आवाज ज्याच्यापर्यंत पोचायला हवा होता त्याच्यापर्यंत पोचला नाही. म्हणून ती हळू सांगावी लागते आणि जवळ बसून ऐकावी लागते. परभणीतलीच आहे. वसमत रस्त्याच्या आतल्या बाजूला एक दोन खोल्यांचं घर, त्यात एक लेक आणि तिचा बाप. त्या लेकीच्या मनात आपल्याला थोडा वेळ बसायचं आहे. तिथं बसायला सुख नाही, हे आधीच सांगतो.

दुपार कलली होती, पण ऊन काही उतरायला तयार नव्हतं. अर्पिता मिक्सरमध्ये दाण्याचं कूट करत होती आणि एकदम लाइट गेली. मिक्सरची घरघर तुटली, डोक्यावरचा पंखा दोन-चार फेरे रेंगाळून थांबला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत दाराबाहेरून कुणीतरी म्हणालं, ‘ताई’. एवढंच. पण तो पहिला ‘ताई’ नव्हता. हाका मारून दमलेल्या, तरीही आवाज न चढवलेल्या माणसाचा तो ‘ताई’ होता, हे तिला ऐकताक्षणी कळलं आणि भांड्यावरचा तिचा हात तसाच राहिला. किती वेळ हा माणूस उन्हात उभा होता? तो बोलावत होता आणि ती दाणे दळत होती. एक आवाज दुसऱ्या आवाजाला कसा गिळतो याचं गणित मांडणं ही तिची नोकरी होती. खोदाईच्या मशिनी बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची, घरी बसून करायची. कागदावर ते गणित किती स्वच्छ दिसायचं. तिनं हात पुसले, दार उघडलं, आणि उंबऱ्याबाहेर सिताराम उभा होता. पंचफुलाचा नवरा. याआधी तिनं त्याला दोनदाच पाहिलं होतं, एकदा दवाखान्याच्या आवारात आणि एकदा पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकड्यावर, आणि दोन्ही वेळा तिनं मान खाली घातली होती.

मामा हायेत का, असं त्यानं तिच्या बापाविषयी विचारलं. आहेत, निजलेत, असं ती म्हणाली. निजू द्या, म्हणाला, माझं काम तुमच्यापाशीच हाय. आई मानवतला भावाकडं गेलेली, त्यामुळं पाणी आणायला, खुर्ची सरकवायला अर्पिताच. त्यानं खुर्चीच्या कडेवर जेमतेम बूड टेकलं, तांब्या वरून तोंडात ओतला, गळ्यातल्या गमछ्यानं मिशा पुसल्या आणि तो गमछ्याची घडी घालत बसला. बोलायला आलेली माणसं आधी असं काहीतरी करत बसतात. आतल्या खोलीत तिचा बाप बन्सीधर भिंतीकडं तोंड करून पडला होता. बनियन पाठीला चिकटलेला, एक पाय पोटाशी घेतलेला. त्याला उठवायची गरज नव्हती. कानाशी ढोल बडवला असता तरी तो उठला नसता.

तशी ही सगळी गोष्ट त्या कानांपासूनच सुरू झाली होती. बन्सीधरनं जन्म मशीनवर काढला. आधी रोलर, मग खोदाईच्या मोठ्या मशिनी. दिवसभर पाठीमागं इंजिन आणि त्याचा पंखा किंचाळायचा आणि संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुऊन तो मृदंग मांडीवर घ्यायचा. आसपासच्या गावांत सप्ता असला की कीर्तनाला बन्सीधरचाच मृदंग. पण कानातून एकेक जण उठून जायला लागला. आधी टाळ गेले. मग चिपळ्या. मग बायकांचे आवाज. ‘बाप्यांचं समजतं गं, तुमचंच फुसफुस लागायलंय,’ असं तो आईला म्हणायचा आणि आई रागवायची, कारण तिला वाटायचं हा सोयीनं बहिरा होतोय. अर्पिता तेव्हा अकरावीत. चारठाण्याच्या सप्त्यात कीर्तनकारांनी चरण सोडला आणि कथेकडं वळण्यासाठी हात वर केला. टाळ थांबले, वीणा थांबली, सगळा मांडव श्वास धरून थांबला, आणि त्या शांततेत एकटा मृदंग वाजत राहिला. बन्सीधरचे डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख, की बघणाऱ्याला लाज वाटावी. पोरं फिदीफिदी हसली. कीर्तनकार मोठ्या मनाचे, ते म्हणाले, ‘वाजू द्या, वाजू द्या. पांडुरंगाला अजून ऐकायचंय.’ पण तोवर बन्सीधरनं डोळे उघडले होते आणि लोकांच्या तोंडांवरून सगळं वाचलं होतं. त्यानं तिथंच मृदंगाला गवसणी घातली. बायकांच्या बाजूला बसलेल्या अर्पितानं तेव्हा ठरवलं की मी या मशिनी गप्प करीन. देवापुढं बसून ठरवलेली गोष्ट. आणि ती तिनं खरी करून दाखवली, मायबाप. एवढं शिकून, एवढी वर्षं खपून खरी करून दाखवली. नवस फेडावा तशी.

पडद्यावर ती वारा बघायची. ज्याला रंग नाही, रूप नाही, त्याला कॉम्प्युटरवर निळा-तांबडा करून बघायची. जाळीतून निळा आत यायचा, रेडिएटरच्या पोटातून जाताना तांबडा व्हायचा, आणि जुन्या मशिनीत तो तांबडा वारा मागच्या बाजूनं भसाभस बाहेर पडायचा. पंखा पट्ट्यानं इंजिनला बांधलेला, त्यामुळं इंजिन चढलं की पंखाही चढायचा, काम असो नसो. तिनं पंखा इंजिनपासून सोडवला, त्याला स्वतःची लहान मोटर दिली. गरम झालं तरच तो जोरात फिरणार. त्याची पाती सारख्या अंतरावर न ठेवता थोडी पुढं-मागं केली, म्हणजे एकच सूर साचून किंचाळी होणार नाही. इंजिनच्या खोलीला आतून जाड अस्तर लावलं. आणि गरम वाऱ्याला मागं न सोडता सरळ वरच्या जाळीतून आभाळाकडं वाट काढून दिली. पुण्यातले बरोबरचे लोक हवेचं तापमान बेताचं धरायचे. ती भांडून परभणीचं ऊन धरायची. ते हसायचे, म्हणायचे, मॅडमच्या मॉडेलमध्ये बसलं की टोपी लागते. आवाज मोजायला पडद्यावरच्या मशीनभोवती माइक ठेवावे लागत. ती त्यांना कान म्हणायची. एक कान केबिनमध्ये, तो बाबांचा. बाकीचे नियमानं ठरलेल्या गोलावर, मशीनपासून चांगले दूर. जमिनीला टेकून, मशीनच्या अगदी मागं, पाय पसरून बसलेल्या बाईचा कान त्या गोलावर नव्हता. ऊन मॉडेलमध्ये होतं. सावली नव्हती. सावली हा शब्दच त्या सगळ्या हिशेबात कुठं येत नाही.

आणि ती मशीन फिरून फिरून बन्सीधरच्याच हातात आली, ही तर घरात पेढे वाटायची गोष्ट झाली होती. वालूरजवळ तळ्यातला गाळ काढायचं काम होतं, ठेकेदारानं नवी मशीन घेतली आणि जुना माणूस म्हणून त्याला दिली. थंडीत अर्पिता ती बघायला गेली. इंजिन चालू असताना मागं जाऊन उभी राहिली, लोखंडाला तळहात लावला. आपल्या लेकराचं अंग बघावं तसा. मागच्या त्या अवजड वजनावर तिनं हात ठेवला, ज्याच्या जोरावर पुढची सोंड उचलली जाते. बाबा शेजारी. त्याला ओठ दिसावेत म्हणून त्याच्याकडं तोंड करून ती म्हणाली, ‘बाबा, आता मागं बसून भाकरी खाल्ली तरी झळ लागणार नाही.’ ओठ वाचून तो हसला. मग ते वाक्य तो भेटेल त्याला सांगत सुटला. वाक्य काय, गर्वाचा एक घास होता. थंडीत त्याचं कुणाला काय. पण मे महिना आला आणि त्या तळ्याच्या उघड्या पोटात, जिथं औषधाला झाड नाही, तिथं भरावावर दगड रचणाऱ्या बायांना त्या वाक्याचा अर्थ कळला. मशीन उंच, सावली दाट, झळ नाही, आवाजही नुसती गुणगुण. भाकरीची फडकी मागच्या सावलीत सुटायला लागली. सगळ्यांत आधी पंचफुला. ‘मामा, तुमच्या लेकीनं मशीनला येसी बसिवला का काय? मागं लय गार लागायलंय,’ असं ती ओरडून म्हणायची, आणि बन्सीधरला ऐकू आलं नाही की हातवारे करून दाखवायची, आणि म्हणायची, याच कानानं मृदंग वाजिवत हुता व्हय, मंग देवच बहिरा असंल.

बन्सीधरनं एके दिवशी व्हिडिओवर फोन लावून हे अर्पिताला दाखवलं. फोन हातात डगमगत होता. सावलीत बसलेल्या बाया, चटणी, कांदा, पाण्याचे कॅन. पंचफुलाचं तोंड एकदम पडद्यावर मोठं झालं, कपाळावर घाम वाळून पांढरा झालेला, आणि ती म्हणाली, ‘ताई, पुढच्या मशीनला माठ बी लावा बरं का.’ अर्पिता हसली. खूप हसली. तिनं पडद्याचं चित्र उचलून कंपनीतल्या लोकांना पाठवलं आणि खाली लिहिलं, मराठवाड्याची पावती. तिथं कुणीकुणी अंगठे उंचावले. ते चित्र आता सिताराम समोर बसलेला असताना तिच्या पापणीआड उभं होतं. बायांच्या डोक्यावर ते अवजड लोखंड चित्रात स्वच्छ दिसत होतं. त्याचं वजन तिला पाठ होतं. मशीनचं धड जागच्या जागी फिरतं तेव्हा ते मागचं वजन केवढा घेर घेतं, तेही पाठ होतं. तिनं पाहिलं होतं, मायबाप. वारा बघू शकणारे डोळे होते तिचे, आणि त्या डोळ्यांनी पाहून ती हसली होती.

जुन्या मशीनवाल्यांची एक रीत होती. काम पुन्हा सुरू करायच्या आधी भोंगा वाजवायचा नाही. जेवणाऱ्या माणसांवर भोंगा वाजवणं म्हणजे त्यांना हाकलल्यासारखं. त्याऐवजी इंजिनला रेस द्यायची. रेस दिली की पंखा किंचाळायचा, मागं गरम वारा सुटायचा, आणि माणसं शिव्या देत, हसत, फडकी झटकत उठायची. रेस म्हणजे ‘उठा बायांनो’. हे कुणी शिकवत नाही, कुणी लिहून ठेवत नाही. त्या दुपारीही केबिनमध्ये भाकरी खाऊन बन्सीधरनं रेस दिली. बुडाखाली थरथर आली. त्याला आवाज कळायचा तो असाच, बुडातून. तो थांबला. पुढच्या काचेतून बाया टँकरपाशी हात धुताना दिसल्या. सगळ्या उठल्या असं त्याला वाटलं. मागं पंचफुला फडक्याला गाठ मारत एकटी बसली होती. आणि त्यानं मशीन फिरवली.

मी रेस दिली हुती, असं पंचफुला त्या वजनाच्या घेरात सापडून गेली तेव्हापासून तो म्हणतो आहे. पोलिसांना तेच, ठेकेदाराला तेच, झोपेतही तेच. गुन्हा दाखल झाला, जबाब झाले. वकिलानं ते वाक्य उचलून धरलं. रेस हाच आपला आधार, असं त्यानं अर्पिताला समजावलं. रेस म्हणजे या धंद्यातला इशारा, शंभर माणसं साक्ष देतील. इशारा देऊनही बाई उठली नाही, त्याला चालकानं काय करावं? अर्पितानं मान हलवली होती. मग तिनं लॅपटॉप उघडला होता आणि जिथं कधीच कान ठेवला नव्हता तिथं, मशीनच्या मागं, बसलेल्या बाईच्या उंचीवर एक कान ठेवला होता. एकदा इंजिन संथ, एकदा रेस दिलेली. पंखा आता इंजिनला बांधलेला नाही, हे तिला माहीतच होतं. अस्तराच्या आतून इंजिन कितीही चढो, मागं काही फरक पडणार नाही, हेही माहीत होतं. तरी ती बघत बसली. आवाजाच्या दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. एकच रेष असल्यासारख्या.

‘मनिषा पाण्याला जाईना झालीय,’ असं सितारामनं अखेर तोंड उघडलं. मनिषा त्याची लेक, यंदा बारावीला. नळावर बाया बोलतात, असं तो सांगत गेला. मोठ्यानं नाही, पण तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानं. त्या दिवशी सकाळी त्याचं आणि पंचफुलाचं वाजलं होतं. काही मोठं नव्हतं. चपला बाहेर राहिल्या आणि कुत्र्यानं नेल्या, त्यावरून. पण शेजारणीनं ऐकलं होतं, आणि आता त्या सकाळच्या भांडणाला दुपारची रेस जोडून लोकांनी एक धागा वळला होता. सांगताना त्याची नजर खाली फरशीच्या एका चिरेवर होती आणि पायाचा अंगठा ती चीर कोरत होता.

‘तुमी आवाजाचं शिकलाव म्हणून इचारायलोय ताई,’ तो म्हणाला. ‘मामा म्हनायलेत रेस दिली. दिली असंल. मामा खोटं बोलायचे न्हाईत. मंग तिला ऐकू आली असंल का?’

अर्पितानं आतल्या खोलीकडं पाहिलं.

‘ऐकू आली अन् उठली न्हाई, असं म्हनायलेत गावात. मुद्दाम. मला बाकी कायी नको. तेवढं सांगा.’

उत्तर तिच्या जिभेवर होतं. जगात आणखी कुणाजवळ नव्हतं, पोलिसांजवळ नाही, वकिलाजवळ नाही, तिच्याजवळच होतं, आणि चार शब्दांचं होतं. नाही ऐकू आलं तिला. हे शब्द या माणसाच्या ओंजळीत टाकले की तो ते वालूरला घेऊन जाईल, लेकीच्या पुढ्यात ठेवील, आणि ती पोर उद्या घागर घेऊन ताठ मानेनं नळावर जाईल. आणि तेच शब्द तिथून पुढं चालत राहतील. पंचफुलाला ऐकू आलं नाही, म्हणजे रेस हा इशाराच नव्हता. मग बन्सीधरनं काहीच इशारा न देता मशीन फिरवली. मग ती रेस मुकी कुणी केली? आतल्या खोलीतून बनियनवरचा घामाचा डाग दिसत होता. किती बारीक झाला होता हा माणूस. लहानपणी ती त्या पाठीवर कान ठेवून झोपायची आणि तो मृदंगाचे बोल पुटपुटायचा तेव्हा ते तिला पाठीतून ऐकू यायचे. देवा, तिनं मनात म्हटलं, आणि पुढं काय मागावं ते तिला सुचेना. जे मागून घेतलं होतं तेच पदरात पडलं होतं. शांतता मागितली होती. तिला वाटलं, आपण बोलायला तोंड उघडलं की आवाज निघणारच नाही, आणि ते बरं होईल. पण आवाज निघाला. नेहमीसारखा, समजूतदार, शिकलेल्या बाईचा.

‘ऐकू आलं असेल हो,’ ती म्हणाली. ‘पण जेवण झालेलं, वर एवढं ऊन. ग्लानी आली असेल. बसल्या जागी डोळा लागला असेल.’

सितारामनं मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. दुकानातला ओळखीचा माणूस कमी मापतोय हे दिसावं आणि तरी काही बोलू नये, तसं.

‘दिवसा ती कदी निजली न्हाई, ताई,’ तो म्हणाला. ‘बाळंतपणात बी न्हाई.’

मग तोच म्हणाला, बरं. डोळा लागला हुता म्हणून सांगतो मनिषाला. तो उठला, खुर्ची होती तिथं नीट सरकवली, तांब्या उचलून ओट्यापाशी नेऊन ठेवला. अर्पिता जागेवरच होती. अजून हाक मारता येईल, तिला वाटत होतं. तो पायरीवर चप्पल चढवतोय तोवर. तो फाटकाची कडी काढतोय तोवर. फाटकापाशी तो वळला तेव्हा तिला वाटलं तो पुन्हा विचारील आणि या वेळी आपण सांगू. त्यानं विचारलं नाही. मामाला म्हणावं माझा राग न्हाई, एवढं म्हणून त्यानं कडी लावली आणि भिंतींच्या कडेकडेनं, जिथं जिथं सावलीचा पट्टा होता तिथून, तो चालत गेला. आणि तिला त्या माणसाचा राग आला. इतका भला असल्याचा. त्यानं शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, तर त्या दणक्यानं तरी ते चार शब्द बाहेर पडले असते. आता ते आत राहणार. आतून अस्तर लावलेल्या खोलीत राहणार, आणि बाहेर कुणाला कधी काही कळणार नाही. याच कामात ती तरबेज होती.

आत कॉट करकरली. बन्सीधर उठून दारात आला, डोळे चोळत. रिकामी खुर्ची आणि ओला तांब्या त्यानं बघितला. ‘कोन आलतं?’ त्यानं विचारलं. तिनं त्याच्याकडं तोंड केलं, त्याला ओठ दिसावेत म्हणून, आणि ओठ हललेही. पण त्यातून काही शब्द झाला नाही. तो दोन पावलं पुढं आला. हाताची ओंजळ करून त्यानं कानामागं धरली, मान तिरपी केली, आणि अपराध्यासारखं हसला.

‘जरा मोठ्यानं बोल की बाई,’ तो म्हणाला. ‘मला ऐकू यीना.’

मायबाप, गोष्ट एवढीच. पुढं तारखा पडतील, साक्षी होतील, बन्सीधर सुटेल किंवा सुटणार नाही, कंपनीच्या मशिनी आणखी गार आणि आणखी गप्प होत जातील. ते ज्याचं त्याच्यापाशी. उठून कपाळाला बुक्का लावून घराकडं निघण्याआधी माझं एक मागणं आहे. पंचफुलाला लक्षात ठेवा. सितारामची पंचफुला, वालूरकडची, दगड रचणारी, मोठ्यानं चेष्टा करणारी. ती उन्हातून सावलीला बसली होती. तिच्या हातात फडक्याची अर्धी गाठ होती आणि जी बाई गाठ मारत असते तिला घरी जायचं असतं. तिला ऐकू आलं नव्हतं. ज्या एकीला हे ठाऊक होतं तिच्यानं ते सांगवलं नाही, म्हणून ते तुमच्या पदरात घालतो. तेवढं जपा, आणि कुठं मनिषा भेटली तर तिला सांगा.